एका जुन्या गाडीचें गणित

खंडाळ्याहून साताऱ्याच्या वाटेस लागलें म्हणजे गांव मागें पडतांच खंबाटकीचा घाट सुरू होतो, हें आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. साताऱ्याकडून पुण्याकडे येणाऱ्या वाहनांसाठीं डोंगराच्या पोटांतून बोगदा झाला. परंतु मी ज्या दिवसाची हकीकत सांगणार आहें त्या दिवशीं मला जावयाचें होतें साताऱ्याकडे, आणि त्यासाठीं जुना घाटच चढणें प्राप्त होतें. मे महिना होता, दुपारचे दोन वाजले होते, आणि गाडींत मी एकटाच होतों. पहिलें वळण गेलें, दुसरें गेलें, आणि चढ उभा झाला तसा इंजिनांतून एक आवाज येऊं लागला. पत्र्याच्या डब्यांत मूठभर हरभरे घालून कोणीं तो डबा खुळखुळवावा, तसा तो आवाज होता. ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला कीं तो थांबे. पाय दाबला कीं पुन्हां चालू होई. गाडीचें इंजिन त्याच आठवड्यांत पूर्ण उघडून नवें करून घेतलेलें होतें. अशा वेळीं हा आवाज ऐकून मनास काय वाटलें असेल, तें ज्यांनीं पदरचे पैसे खर्चून एखादी जुनी वस्तु दुरुस्त करून घेतली आहे असे पालक जाणतील.

गाडी प्रीमियर पद्मिनी, माझ्या वडिलांची. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या मोटारी तेथें तयार होऊं लागल्या, आणि पुढें १९७४ मध्यें त्याच घडणीच्या गाडीस पद्मिनी हें नांव मिळालें. एके काळीं मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हटली म्हणजे हीच गाडी डोळ्यांपुढें येई. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यांतील शेवटची टॅक्सी रस्त्यावरून निघाली, तेव्हां वर्तमानपत्रांत आलेलें तिचें छायाचित्र आमच्या घरीं कापून ठेवलें आहे. वडील पाळक होते. रविवारीं एका गांवची उपासना आटोपून दुसऱ्या गांवीं जावयाचें, वाटेंत कोणी आजारी भेटल्यास त्यास दवाखान्यांत पोंचवावयाचें, अशी त्या गाडीची नोकरी असे. वडिलांच्या पश्चात् ती विकून टाकण्याचा सल्ला मला पुष्कळांनीं दिला. मीं ती विकली नाहीं. आणि विकली नाहीं म्हणूनच, सिलिंडर झिजून धूर फार निघूं लागल्यावर, इंजिन नवें करण्याचा खर्च पदरीं आला.

आतां त्या आवाजाकडे वळण्यापूर्वीं इंजिनाचें पोट थोडें उघडून दाखविलें पाहिजे. ज्यांच्या शेतावर विहिरीचें डिझेल इंजिन होतें किंवा आहे, त्यांस ही गोष्ट हातानेंच समजलेली असते. हँडल मारतांना प्रथम वरची छोटी कळ उचलून धरतात. तशी ती धरली म्हणजे झडप उघडी राहते, आंतील हवा निसटते, व चाक सहज फिरूं लागतें. चाकास वेग आला कीं कळ सोडावयाची. सोडतांच जणुं कोणीं आंतून हात धरल्यासारखें चाक अडतें, एक जोराचा हिसका बसतो, आणि इंजिन पेटतें. आंतून हात धरणारी ती हवा होय. पिस्टन खालीं असतांना त्याच्या वर जेवढी जागा असते तेवढी हवा, पिस्टन वर येतांच, अगदीं थोड्या जागेंत कोंबली जाते. मूळची जागा कोंबलेल्या जागेच्या कितीपट, हा जो आकडा, त्यास पुस्तकांत संपीडन-गुणोत्तर म्हणतात. मिस्त्रीलोक त्यास कॉम्प्रेशन रेशो म्हणतात, आणि दोघांचा अर्थ एकच आहे. विहिरीवरील डिझेल इंजिनांत हा आकडा सोळा-सतराच्या घरांत असतो. तेथें हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटतें, ठिणगी लागत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत मात्र ठिणगीनेंच पेटावयाचें असतें. म्हणून तेथें आकडा बराच लहान ठेवावा लागतो. फोर्डची मॉडेल टी नांवाची जी गाडी एके काळीं जगभर धांवली, तिचा आकडा अवघा चार-साडेचार होता.

आकडा जितका मोठा तितका त्याच पेट्रोलांतून काम जास्त निघतें. आदर्श इंजिनाचें जें गणित आपण अकरावी-बारावींत शिकवितों, त्याप्रमाणें सातास शेंकडा ५४, आठास शेंकडा ५६ च्या थोडें वर, असा हिशेब येतो. प्रत्यक्षांत निम्मेंहि हातीं लागत नाहीं, पण चढती कमान तीच. मग तो आकडा वाढवीतच कां नेऊं नये? त्याचें उत्तर सायकलच्या पंपांत आहे. चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, तें केवळ घर्षणानें नव्हे. हवा दाबली कीं ती तापते. इंजिनांत ३५ अंश उष्णतेची हवा ८ पटींनीं दाबली तर गणितानें ती ४३० अंशांच्या वर जाते. ठिणगी एका कोपऱ्यांत पडते व तेथून ज्वाला पसरत जाते. परंतु दूरच्या कोपऱ्यांतील जें मिश्रण अद्याप पेटावयाचें असतें, तें मधल्या काळांत आणखी दाबलें जाऊन आणखी तापतें, आणि फार तापल्यास ज्वाला पोंचण्यापूर्वींच तें एकदम उडतें. हेंच तें हरभऱ्यांचें खुळखुळणें. थोडा वेळ चाललें तर कानास त्रास, पुष्कळ वेळ चाललें तर पिस्टनच्या माथ्यास भोंक.

हॅरी रिकार्डो या इंग्रज शास्त्रज्ञानें १९१९ च्या सुमारास एक असें इंजिन बांधलें कीं चालतां चालतांच त्याचें संपीडन-गुणोत्तर वाढवितां येई. वाढवीत जावें आणि कोणतें इंधन कोणत्या आंकड्यास खुळखुळूं लागतें तें टिपावें, असा त्याचा क्रम होता. पुढें इंधनांची ही सहनशक्ति मोजण्यासाठीं ऑक्टेनची पट्टी ठरली. १९२१ मध्यें अमेरिकेंत टॉमस मिजली यानें शिशाचें एक संयुग पेट्रोलांत घालून आवाज बंद करण्याची युक्ति काढली. ती इतकी स्वस्त व इतकी विषारी होती कीं तिच्यांतून सुटावयास जगास कित्येक दशकें लागलीं. आपल्या देशांत २००० सालच्या आरंभीं शिशाचें पेट्रोल सर्वत्र बंद झालें. हें सर्व मी वर्गांत दरसाल सांगतों. त्यामुळें घाटांत तो आवाज कानीं येतांच माझें निदान त्याच वळणावर ठरून गेलें: मिस्त्रींनीं इंजिन नवें करतांना गुणोत्तर वाढविलें.

तसें समजावयास आधार नव्हता असें नाहीं. सिलिंडर झिजले होते म्हणून ते बोअर करून चाळीस साईझचे पिस्टन घातले होते. म्हणजे मूळच्या ६८ मिलिमीटर व्यासाचा आतां ६९ झाला होता. हेड थोडें वांकलें होतें म्हणून तें फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून, बसविलें होतें. व्यास वाढला कीं कोंबावयाची हवा वाढते. हेड घासलें कीं कोंबण्याची जागा घटते. दोन्हीं गोष्टी आकडा वाढविणाऱ्या. मीं साताऱ्यास जाण्याचा बेत रद्द केला, माथ्यावर इंजिन थंड होऊं दिलें, आणि जमेल तशी गाडी फिरवून परत आणून गॅरेजच्या दारांत उभी केली. मिस्त्रींस सांगितलें, “हेड उघडा. मी मोजणार आहें.”

दुसऱ्या दिवशीं शाळेच्या प्रयोगशाळेंतून मीं पन्नास घनसेंटिमीटरची ब्युरेट, तिचा स्टँड, स्क्रू-गेज आणि व्हर्नियर हें साहित्य नेलें. मुख्याध्यापकांस विचारून नेलें, हें विद्यार्थ्यांसाठीं मुद्दाम लिहून ठेवतों. रीत सोपी आहे. हेड उलटें ठेवावयाचें, झडपा व प्लग जागच्या जागीं बसवावयाचे, म्हणजे ज्वलनाची जागा एखाद्या लहान वाटीसारखी वर तोंड करून राहते. तिच्या कांठास ग्रीस लावून वर जाड पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दाबावयाची, पट्टीस एक बारीक भोंक ठेवावयाचें, आणि त्या भोंकांतून ब्युरेटनें पातळ तेल सोडावयाचें. शेवटचा हवेचा बुडबुडा निघून गेला कीं ब्युरेटवरील आकडा वाचावयाचा. मीं प्रत्येक वाटी तीनदां मोजली. पहिल्या वाटीचीं तीन मापनें ३३.४, ३३.६ आणि ३३.५ अशीं आलीं. बाकीच्या तीन वाट्याहि त्याच्या आसपासच होत्या. शाळेंत मुलें एवढ्या जवळचीं वाचनें आणूं लागलीं तर मी परीक्षेंत पूर्ण गुण देईन.

सिलिंडरचें गणित तर शाळेंतलेंच. व्यास ६.९ सेंटिमीटर, पिस्टनची चाल ७.५ सेंटिमीटर, त्रिज्येचा वर्ग, गुणिलें पाय, गुणिलें उंची. उत्तर २८०.४५ घनसेंटिमीटर. यांत वाटीचे ३३.५ मिळवून त्यास ३३.५ नीं भागलें. ९.३७ आले. म्हणजे जवळजवळ साडेनऊ! या जुन्या घडणीच्या इंजिनास इतकें गुणोत्तर कदापि मानवणारें नव्हतें. मीं तेथेंच, गॅरेजमध्यें चार गिऱ्हाइकें उभीं असतांना, वहीचें पान मिस्त्रींच्या पुढें धरलें व म्हणालों, “पाहा. तुम्हीं हेड प्रमाणाबाहेर घासलें आहे. हें हेड आतां कामाचें राहिलें नाहीं.”

मिस्त्रींचें वय साठीच्या पुढें. हेडचें व बोअरचें काम बाहेरच्या लेथवर झालेलें असलें तरी तें त्यांनीं स्वतः समोर उभें राहून करून घेतलें होतें. त्यांनीं वहीकडे पाहिलें. माझे आकडे त्यांस वाचतां येत होते, परंतु ते कोठून कसे आले हें विचारण्याचा धीर त्यांस झाला नसावा. ते एवढेंच म्हणाले, “मास्तर, दहा थाऊच्या वर आम्ही हेड घासलंच न्हाई. पण तुम्ही मोजून सांगताय, तर आम्ही काय बोलायचं? दुसरं हेड बघतो. पैशाचं मी बघतो.”

दहा थाऊ म्हणजे इंचाचे दहा सहस्रांश, सुमारें पाव मिलिमीटर. हा आकडा मीं ऐकला, आणि सोडून दिला. त्यांच्याजवळ तोंडचें बोलणें होतें, माझ्याजवळ ब्युरेट होती.

त्या गॅरेजांत मिस्त्रींचा भाचा शनिवार-रविवारीं व सुटींत काम करीत असतो. तो आपल्या शाळेंत नववींत होता. नांव सांगत नाहीं, कारण त्यास तें आवडणार नाहीं. गणितांत दोन चांचण्यांमध्यें तो नापास झालेला होता, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर “लक्ष नाहीं” असा शेरा माझ्याच हातचा आहे. तो मघापासून भिंतीशीं उभा होता. त्याच्या बोटांत इंजिनांतून काढलेली गॅस्केट अडकविलेली होती. गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामध्यें बसणारी पातळ पट्टी. तिला सिलिंडरच्या जागीं चार मोठीं भोंकें असतात. मामा गाडीखालून हातोडी आणावयास वळले तेव्हां तो पुढें झाला आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाला, “सर, ही मोजली न्हाई का?”

मी म्हणालों, “ती कशास मोजावयाची? ती तर पातळ आहे.”

त्यानें भोंकांत चार बोटें घालून दाखविलीं. “पातळ हाय, पन भोक मोठं हाय की. ह्येच्यातबी हवा र्‍हातीया.”

मी क्षणभर त्या भोंकाकडेच पाहत राहिलों. तो खरें बोलत होता. पिस्टन वर आला म्हणजे त्याच्या वरची जागा हेडच्या वाटीनेंच संपत नाहीं. वाटीच्या खालीं गॅस्केटच्या जाडीएवढी आणखी एक चकती असते, आणि तींतहि हवा असते. मीं वाटी मोजली, कारण वाटी मोजतां येण्याजोगी दिसत होती. गॅस्केट इंजिनांतून काढून बाजूला ठेवलेली होती, म्हणून ती गणितांतूनहि बाजूला राहिली. मीं त्यास विचारलें, “आणखी कांहीं राहिलें असेल का?” तो जरा घुटमळला, मग म्हणाला, पिस्टन वर आला तरी ब्लॉकच्या तोंडाशीं बरोबर येत नाहीं, बोट फिरवलें तर पायरी लागते.

आम्हीं दोघांनीं मिळून पुन्हां मोजलें. दाबल्या गेलेल्या गॅस्केटची जाडी स्क्रू-गेजनें पांच ठिकाणीं पाहिली; सरासरी १.२ मिलिमीटर आली. नवी गॅस्केट मोजून चालत नाहीं, कारण बोल्ट आवळले कीं ती चेपते. हेंहि त्यानेंच सांगितलें. भोंकाचा व्यास ७० मिलिमीटर. म्हणजे चकतीचें घनफळ ४.६ घनसेंटिमीटर. पिस्टनचा माथा सपाट होता व ब्लॉकच्या तोंडापासून ०.३ मिलिमीटर खालीं राहत होता, ते १.१. पिस्टनच्या कडेनें वरच्या रिंगपर्यंत जी फट असते तीहि खरें म्हणजे धरली पाहिजे, पण ती फारच थोडी म्हणून आम्हीं सोडून दिली. बेरीज ३३.५, ४.६ आणि १.१ मिळून ३९.२. आतां २८०.४५ आणि ३९.२ यांची बेरीज करून तिला ३९.२ नीं भागलें. ८.१५!

एकदां चुकलेला मनुष्य दुसऱ्यांदां आपल्याच उत्तरावर एकदम विश्वास ठेवीत नाहीं. म्हणून नवी गॅस्केट घालून हेड पूर्ववत् आवळल्यावर आम्हीं दुसरी रीत करून पाहिली. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदीं वर आणला, दोन्ही झडपा मिटल्याची खात्री केली, गाडी एका बाजूनें जॅकवर उचलून प्लगचें भोंक सर्वांत उंच येईल अशी ठेवली, आणि त्या भोंकांतून ब्युरेटनें तेल सोडलें. प्लगच्या आंट्यांच्या तळापर्यंत ३९.६ घनसेंटिमीटर तेल मावलें. त्यावरून गुणोत्तर ८.०८. दोन निराळ्या वाटांनीं गेलों तरी एकाच गांवीं पोंचलों म्हणावयास हरकत नव्हती. हल्ली कोणत्याहि गाडीचा आकडा मोबाईलवर पाहून सांगतां येतो, असें मला नंतर एकानें सुचविलें. येतो खरा, पण तो कारखान्यांतून निघालेल्या गाडीचा. बोअर करून, हेड घासून, चेपलेली गॅस्केट बसवून जें इंजिन आपल्यापुढें उभें आहे, त्याचा आकडा त्या इंजिनालाच विचारावा लागतो.

तें इंजिन पूर्वीं कसें असेल, याचा हिशेब मीं रात्रीं घरीं बसून केला. व्यास मूळचा ६८ मिलिमीटर धरला तर सिलिंडरचें घनफळ २७२.४ होतें, वरची जागा तीच ठेवली तर गुणोत्तर ७.९५. म्हणजे बोअर वाढविल्यानें फार तर एकपंचमांशाची वाढ. हेडच्या वाटीचें तोंड आलेखाच्या कागदावर गिरवून चौकटी मोजल्या. सुमारें ३० चौरस सेंटिमीटर भरले. पाव मिलिमीटर घासलें तर वाटींतून पाऊण घनसेंटिमीटर जागा जाते, त्याची वाढ आणखी थोडी. मिस्त्रींचें तोंडचें बोलणें आणि आमचें मोजमाप एकमेकांस जुळत होतें. आणि मग मीं उलट हिशेब केला, जो खरें म्हणजे मीं वही त्यांच्यापुढें धरण्यापूर्वीं करावयास हवा होता. गुणोत्तर आठावरून ९.४ पर्यंत केवळ हेड घासून न्यावयाचें, तर वाटींतून साडेसहा-सात घनसेंटिमीटर जागा गेली पाहिजे. त्यासाठीं हेड दोन मिलिमीटरांहून थोडें अधिकच घासावें लागेल. दोन मिलिमीटर आणि दहा थाऊ! चाळीस वर्षें लेथपुढें उभा राहिलेला मनुष्य आठपट चुकेल, कीं आठवड्यांत प्रथमच हेड हातांत धरणारा शिक्षक एखादी चकती विसरेल? त्यांचा आकडाहि एक वाचनच होतें. तें मीं वहींत लिहून घेतलें असतें, तर माझें उत्तर त्याच ओळींत खोटें ठरलें असतें.

नीतिसूत्रांत खोट्या तागडीविषयीं जें आहे, तें मीं रविवारच्या शाळेंत मुलांस अनेकदां शिकविलें आहे. ती तागडी लबाड वाण्याच्या हातांत असते असें मी इतकीं वर्षें समजत होतों. माझ्या हातांत काचेची ब्युरेट होती, वाचन दशांशापर्यंत बिनचूक होतें, आणि त्या बिनचूक वाचनाच्या जोरावर एका म्हाताऱ्या कारागिरानें आपल्या खिशांतून दुसऱ्या हेडचे पैसे भरावयाचें कबूल केलें होतें. मिस्त्रींची महिन्याची मिळकत किती, याची मला साधारण कल्पना आहे. त्या रात्रीं मला झोंप लागावयास वेळ लागला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी गेलों, आणि काल जीं गिऱ्हाइकें होतीं त्यांतील दोघें तेथें होतीं हें पाहून मला बरें वाटलें. त्यांच्यासमोर मीं सांगितलें कीं हेड उत्तम आहे, चूक माझ्या हिशेबांत होती, आणि ती या मुलानें काढून दिली. मिस्त्री “असू द्या, असू द्या” म्हणाले व चहा मागवावयास गेले. भाचा तेवढ्यापुरता गाडीखालीं शिरला, व बराच वेळ बाहेर आला नाहीं.

परंतु मग आवाज कशाचा? सव्वाआठाच्या आंतील गुणोत्तर हल्लीच्या पेट्रोलास कांहीं भारी नव्हे. हा प्रश्न मीं मिस्त्रींस विचारला. या वेळीं विचारला, सांगितला नाहीं. त्यांनीं बॉनेट उघडून डेल्कोकडे, म्हणजे ठिणगी वांटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे, बोट दाखविलें. त्याच्या बुडाशीं पांढऱ्या रंगाची एक रेघ होती. “ही खूण तुमची का, मास्तर? खूण दिसली, म्हणून तशीच बसवली.”

रेघ माझीच होती. तीन वर्षांपूर्वीं इंजिन झिजून ओढेनासें झालें, तेव्हां मीं स्वतः पान्हा घेऊन डेल्को थोडा फिरविला होता, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडूं लागली. गाडी जरा हलकी धांवूं लागली, आणि मीं आपल्या हुशारीवर खूष होऊन ती जागा रंगानें कायम करून ठेवली. झिजलेल्या इंजिनांत दाबच कमी, म्हणून लवकर पडलेली ठिणगी त्यास खपून गेली. नव्या रिंगांच्या, नीट दाबणाऱ्या इंजिनांत तीच ठिणगी अवेळीं पडूं लागली. पिस्टन वर येत असतांनाच आग भडकून कोपऱ्यांतील मिश्रण भलतेंच तापूं लागलें, आणि घाटांत हरभरे वाजूं लागले. गाडीच्या मालकानें, तोहि शास्त्र शिकविणारा, केलेली खूण मोडावी असें मिस्त्रींच्या मनांत आलें नाहीं. त्यांनीं टायमिंग नव्यानें लावलें. रेघेपासून डेल्को जेमतेम नखभर मागें आला.

जूनमध्यें शाळा सुरू होण्यापूर्वीं आम्ही तिघे खंबाटकी चढून गेलों. मी चालवीत होतों, मिस्त्री शेजारीं, भाचा मागें. भार असावा म्हणून त्यानें ज्वारीचीं दोन पोतीं आपण होऊन डिकींत टाकलीं होतीं. तिसऱ्या गियरांत, जेथें पूर्वीं आवाज झाला त्याच वळणावर, मीं मुद्दाम पाय दाबून धरला. इंजिन गुरगुरलें, पण हरभरे वाजले नाहींत. मिस्त्रींनीं डोळे मिटून ऐकलें व मान डोलविली. भाचा मात्र म्हणाला, “सर, पाऊस पडून गेलाय. हवा गार हाय. उन्हात बघाया पायजे.” तें बरोबर होतें. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हांत, बरोबर दुपारीं दोन वाजतां, मी पुन्हां चढून गेलों. तेव्हांहि आवाज झाला नाहीं.

हा सर्व हिशेब मीं दिवाळीनंतर नववी व दहावीच्या वर्गांत फळ्यावर मांडला, व प्रथम मुद्दाम गॅस्केट सोडून मांडला. चूक कोणास दिसते तें पाहावें हा हेतु. मामाचा भाचा आतां दहावींत आहे. त्यास मीं आधींच गप्प राहावयास सांगितलें होतें, आणि तो हंसूं दाबीत बाकावर बसला होता. चूक एका मुलीस दिसली. ती म्हणाली कीं हेड आणि ब्लॉक नुसते एकमेकांवर ठेवले तर वाफ बाहेर येईल, मध्यें कांहीं तरी असलेंच पाहिजे. घरच्या कुकरला रबर असतें तसें. सहामाहींत भाच्यास गणितांत शंभरापैकीं ४४ गुण मिळाले. घनफळाचा प्रश्न त्यानें पूर्ण सोडविला होता. बीजगणितांत मात्र अद्याप रडकथाच आहे, आणि मी तसें त्यास स्पष्ट सांगितलें आहे. प्रगतिपुस्तकावरील जुना शेरा खोडतां येत नाहीं. त्याच्या शेजारीं मीं नवा लिहिला आहे.

मिस्त्रींचें बिल जुलैमध्यें आलें. त्यांत नव्या गॅस्केटची किंमत होती, हेड दुसऱ्यांदां उघडण्याची मजुरी नव्हती. ती मीं आपल्या हातानें त्याच कागदावर लिहिली, बेरीज पुन्हां केली, आणि भाच्याकडून तपासून घेऊन पैसे दिले.